टकमारचा चौथा खांदा

डम्बर खड्का लडाखमधल्या आमच्या टकमारमध्ये आला तो एका आजारी खेचराबरोबर. खेचर बरं होऊन निघून गेलं, हा मात्र राहिला. असं मी म्हटलं की कुंझेस चिडते. पण यात खोटं काय आहे? मनालीहून आलेल्या एका ट्रेकच्या टोळीचा तो आचारी होता. खिंडीखाली खेचर बसलं ते उठेना, म्हणून टोळीवाल्यांनी खेचर आणि आचारी दोघांनाही कुंझेसच्या गोठ्यात ठेवलं आणि ते पुढे गेले. कुंझेस तेव्हा म्हाताऱ्या बापाबरोबर एकटी राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज डोकावले, तर हा परका माणूस तिच्याच चुलीपुढे बसून तिला पोळ्या लाटायला शिकवत होता आणि ती मुकाट्याने शिकत होती. कुंझेस, आणि मुकाट्याने. मी तेव्हाच काय ते ओळखलं.

मी स्पालझेस, कुंझेसची शेजारीण. आमच्या दोघींच्या गच्च्यांमध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून वर्षानुवर्षं दही, शेण्या आणि भांडणं इकडून तिकडे जातात. त्यामुळे डम्बरबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्याच्या बायकोलाही नसेल.

लग्न झालं आणि डम्बर तिच्या घरचा मक्पा, म्हणजे घरजावई झाला. आमच्याकडे मक्पा होण्यात कमीपणा नाही. माझा सख्खा काका मक्पा होता. बायकोचं बिनसलं तर ती नवऱ्याच्या हातात टोपी देऊन त्याला वाट दाखवू शकते, एवढंच. डम्बरला ही गोष्ट लग्नानंतर कळली. महिनाभर तो इतका शहाण्यासारखा वागला की कुंझेसलाच काळजी वाटायला लागली.

हिवाळ्यात आमच्याकडे शान बघायला माणसं येतात. शान म्हणजे हिमबिबट्या. माझ्या आईच्या काळी तो दिसला की लोक दगड उचलायचे. आता तो दिसला की कॅमेरे उचलतात आणि आनंदाने एकमेकांच्या गळ्यात पडतात. पाहुणे पाळीपाळीने घरोघर उतरतात, पण कुणाचीही पाळी असो, रांधायला डम्बरच. त्याच्या हातची डाळ खाऊन माणसं थंडी विसरतात. मात्र इतक्या वर्षांत त्याने स्वतः एकदाही शान पाहिलेला नाही. गच्चीवर आरडाओरडा झाला की नेमकं त्याचं दूध उतू जायला आलेलं असतं. मी म्हणायचे, "अरे, एवढ्या लांबून लोक येतात, तू जिन्यावरून वर येईनास?" तो मला आचे, म्हणजे ताई म्हणतो. म्हणायचा, "आचे, दूध गेलं तर शान येऊन चहा देणार आहे का त्यांना?"

सगळं ठीक होतं, एक गोष्ट सोडून. आमची सहा घरं एका फासपुनमधली. एका कुळदेवाची म्हणा हवं तर. सोयर असो, सुतक असो, फासपुनच करतं. घरात कुणी गेलं की घरच्यांनी प्रेताला हातही लावायचा नाही. त्यांनी बसायचं आणि रडायचं. आंघोळ घालणं, बांधणं, उचलणं, जाळणं, आल्यागेल्याला जेवू घालणं, सगळं फासपुनने बघायचं. दुसऱ्या फासपुनचा खांदा चालत नाही. आमची दहनाची चूलसुद्धा वेगळी आहे, नाल्याच्या वरच्या अंगाला.

कुंझेसचा बाप होता तोवर त्या घराचा पुरुष तोच होता. तो गेल्यावर ती जागा डम्बरची व्हायला हवी होती. झाली नाही. आमच्या फासपुनचा वडीलधारा म्हणजे लुंडुप, आम्हा सगळ्यांचा आजांग, म्हणजे मामा. माणूस वाईट नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात गुडघाभर बर्फातून लोणी घेऊन आला होता. पण एकदा नाही म्हटलं की त्याच्या तोंडातून हो काढणं म्हणजे गोठलेल्या नाल्यातून पाणी काढणं. तो म्हणाला, "पोरगा चांगला आहे, पण त्याचे देव वेगळे. आपल्या देवाला विचारल्याशिवाय मी त्याला आत कसा घेऊ?"

"मग विचारा ना, आजांग," माझा नवरा गुरमेत म्हणाला.

"विचारू," आजांग म्हणाला. त्याला किती वर्षं झाली ते आता मीही मोजत नाही.

लोसारला, म्हणजे आमच्या नवीन वर्षाला, फासपुनचे पुरुष टेकडीवरच्या देवाच्या ठाण्यावर शुक्पा या सुवासिक झुडपाची जुनी डहाळी काढून नवी लावतात. दर घरचा एक पुरुष. कुंझेसच्या घरची डहाळी आजांग स्वतः लावायचा. डम्बर छांगचा, म्हणजे जवाच्या दारूचा घडा आणि सातूचे गोळे घेऊन टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायचा, सामान दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि सगळे खाली येईपर्यंत तिथेच थंडीत उभा राहायचा. मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हटलं, "घरी तरी जाऊन बस, मूर्खा."

तो म्हणाला, "आचे, तिकडे नेपाळात, जुमल्यात माझं आता कुणी नाही. उद्या मी मेलो तर कुंझेसने काय मला गोठ्यात ठेवायचं? कुणीतरी उचलायला लागेल ना. मी दिसत राहिलो तर त्यांच्या लक्षात तरी राहीन." हे तो हसत म्हणाला.

आजांगची आई छोरोल, सगळ्यांची आबी म्हणजे आजी, आमच्या रीतीप्रमाणे मोठं घर मुलाला देऊन शेजारच्या धाकट्या घरात राहायची. ते धाकटं घर कुंझेसच्या भिंतीला लागून. आबीला दात नव्हते, तोंड मात्र होतं. डम्बर रोज दुपारी तिच्यासाठी मऊ भात घेऊन जायचा आणि ती त्याला रोज ऐकवायची, "भात आणलास की लापशी? साखर काय तुझ्या बापाने ठेवून घेतली?" मग तो परत येऊन साखर न्यायचा. मुद्दाम विसरायचा असं माझं मत आहे. आबीची सून चांगली होती, मुलगा रोज संध्याकाळी पाया पडायला यायचा, पण आबीचं पोट डम्बरला शिव्या दिल्याशिवाय भरायचं नाही.

गेल्या माघात पाहुणे कुंझेसकडे उतरले होते. त्यांची मोठी तिपाई-दुर्बीण मात्र माझ्या गच्चीवर होती, कारण समोरचा कडा माझ्याकडून नीट दिसतो. त्यांना घेऊन लेहचा नुर्बू आला होता, हसरा पोरगा. बर्फ सारखं पडत होतं. अशात एका सकाळी डम्बर भाताच्या आधी नुसता चहा घेऊन आबीकडे गेला आणि चहा तसाच घेऊन परत आला. कुंझेसला म्हणाला, "आजांगला बोलाव. आबी गेली." स्वतः तो पुन्हा आत शिरला नाही. दारात उभा राहिला. आत जायचा हक्क फासपुनचा होता.

आबीला आजांगच्या मोठ्या घरात आणलं. लामा आले, ज्योतिषी ओन्पो आला. त्याने पोथी बघून सांगितलं, परवा सकाळीच उचलायचं, नंतर बरेच दिवस वाईट आहेत. आम्ही बायकांनी आजांगच्या घरची चूल ताब्यात घेतली. पुरुष मोजायला बसले आणि तिथेच घोडं अडलं. फासपुनचे सगळे तरणे पोरगे हिवाळ्यात शानच्या मागे. दोघे खिंडीपलीकडच्या खोऱ्यात दुसऱ्या पाहुण्यांबरोबर, बाकीचे लेहला गाड्या चालवतात. गुरमेत फोन लागतो त्या उंचवट्यावर जाऊन आला. खिंड बंद, रस्ता बंद, कुणीही पोचत नाही. गावात उरले गुरमेत आणि खालच्या घरातले दोघे भाऊ. आजांग घरचा, म्हणून त्याला हात लावता येत नाही. बाकीचे म्हातारे स्वतःच काठीवर.

तीन माणसं, आणि नाल्याचा निसरडा चढ. डोली चौघांनीच न्यावी लागते. तिघांच्या हातून ती कलंडली आणि आबी बर्फात पडली तर त्या घरावरचा तो डाग कोण पुसणार? आजांग कोपऱ्यात आईसमोर बसला होता. त्याचा जीव टांगणीला लागलेला सगळ्यांना दिसत होता, पण डम्बरचं नाव कुणी काढेना. गुरमेतने काढायला तोंड उघडलं आणि आजांगने नुसतं बघितल्यावर मिटलं. मी चुलीपाशी पळी आपटली. बाईमाणसाला तेवढंच करता येत होतं.

दुपारी नुर्बू एका ताडमाड पाहुण्याला घेऊन आला. हॉलंडचा होता, दार वाकून ओलांडलं तरी कपाळ आपटलं. नुर्बू म्हणाला, "आजांग-ले, याला कळलंय की एक माणूस कमी आहे. हा म्हणतो, मी उचलतो. फोटो काढणार नाही म्हणतो."

पोरगा मनापासून म्हणत होता, तोंडावरून कळत होतं. आजांग त्याच्याकडे बघून मऊ आवाजात म्हणाला, "त्याला सांग, त्याचं मन मोठं आहे. पण जो आम्हाला उचलतो त्याला पुढे आम्ही उचलायचं असतं. हा कुठे मरणार, आम्हाला काय ठाऊक? तिथवर आम्ही जाणार कसे?"

नुर्बूने सांगितलं. पाहुणा लाल झाला, हात जोडून पुन्हा कपाळ आपटून गेला. गुरमेत मला म्हणाला, "याला घेतलं असतं तर डोली एका बाजूने आभाळाला टेकली असती." मी त्याला चिमटा काढला, पण हसू मलाही आलं होतं.

त्याच संध्याकाळी नुर्बू माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "आचे, तुमच्या आचाऱ्याला झालंय काय? दुपारी डाळ अळणी, आत्ता भाजी खारट. पाहुणे बिचारे पाणी पिऊन पिऊन थकले."

मी तशीच कुंझेसच्या स्वयंपाकघरात गेले. डम्बर कानटोपी कपाळापर्यंत ओढून कांदे चिरत होता.

"चव बघायला लाज वाटते का रे?"

"बघता येत नाही, आचे. सध्या मीठ बंद आहे."

"पोट बिघडलंय?"

"नाही. असंच."

त्याला उगाच छळायला माझ्याकडे वेळ नव्हता. मी भाजीत बटाटे टाकले, त्याला दोन शब्द सुनावले आणि आजांगकडे परत गेले.

उचलायच्या दिवशी सकाळी उघडलं होतं. आबीला बसवून, पांढऱ्यात गुंडाळून डोलीत ठेवली होती. लामांचं वाद्य सुरू झालं. गुरमेत पुढे एकटा आणि मागे दोघे भाऊ, असं ठरलं होतं. गुरमेतने पुढचे दोन्ही दांडे कंबरेला दोराने बांधून घेतले. त्याची पाठ कशी आहे ते मला माहीत आहे.

तेवढ्यात डम्बर दारात आला. आत नाही, उंबऱ्याबाहेर. कानटोपी काढून त्याने हातात धरली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. डोकं गुळगुळीत भादरलेलं. भुवयांखेरीज तोंडावर एक केस नाही, मिशासुद्धा गेलेल्या. टकमारच्या माघात, जिथे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. आमच्याकडे असं डोकं फक्त गोनपात, म्हणजे मठात, लामा व्हायला जाणारा करतो.

थोरल्या भावाच्या तोंडून निघालंच, "हे काय, कुंझेसने टोपी दिली हातात? गोनपात चाललास?"

"मीच भादरलं," कुंझेस चुलीमागून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "परवाच. रडत होता, म्हणून भादरलं. मीठ सोडलंय, एकदाच जेवतो. त्यांच्यात तसं करतात."

आजांगने कोपऱ्यातून मान वर केली. "कोण गेलं की करतात?"

"आई," डम्बर म्हणाला.

लामाची घंटा थांबली.

"ती तुझी आई होती?" आजांगने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

डम्बर खाली बघत म्हणाला, "रोज भात आणायला लावायची. रोज शिव्या द्यायची. मी आलो नाही तर भिंतीवर काठी आपटायची. आणखी आई काय करते, आजांग? मला चुकत असेल तर चुकू दे. माझं मी केलंय, तुमच्या देवाला त्रास दिला नाही. उंबऱ्याच्या आत आलो नाही."

आजांग त्या भादरलेल्या डोक्याकडे बघत होता. मी त्या माणसाला आयुष्यभर ओळखते. त्याच्या बापाच्या वेळीही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता त्याची दाढी ओली झाली होती.

"डम्बर," तो म्हणाला. मक्पा नाही, डम्बर. "तू कुठे मरणार आहेस?"

"इथेच. दुसरीकडे मला ओळखतं कोण?"

"नक्की?"

"कुंझेसने हाकललं नाही तर."

"नाही हाकलत," कुंझेस म्हणाली आणि नाक पुसायला मागे वळली.

आजांग भिंतीला धरून उभा राहिला. "मग बाहेर काय उभा आहेस? आत ये. गुरमेतच्या कंबरेचा तो दोर सोडा. पुढचा डावा दांडा याला द्या." मग आबीच्या पांढऱ्या गाठोड्याकडे वळून हळूच म्हणाला, "आमा, तुझा आचारी आलाय." कुणी देवाला विचारलं नाही. विचारायचं राहिलं, हे आजांगच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

डोली निघाली. घरच्यांनी गावाच्या वेशीपर्यंत जायचं आणि तिथून फिरायचं, बायकांनी तर अंगणातूनच. मी धावत माझ्या गच्चीवर गेले. तिथे पाहुण्यांची गडबड उडालेली. नेमका तेव्हाच समोरच्या कड्यावर शान बाहेर आला होता, ऊन खात पसरला होता म्हणे. सगळे दुर्बिणीवर तुटून पडले होते. इतक्यात जिन्यावरून धापा टाकत आजांग वर आला. वेशीवरून परतून घरी न जाता सरळ माझ्याकडे. दुर्बिणीकडे बोट दाखवून मला म्हणाला, "यातून नाल्याचा चढ दिसेल?"

मी त्या हॉलंडच्या पोराचा दंड धरून त्याला बाजूला केलं. तो कसल्या तरी आयुष्यभराच्या इच्छेपासून बाजूला होत होता, पण आजांगचं तोंड बघून लगेच सरकला. उलट तिपाई त्यानेच वळवून दिली, नाल्याच्या चढावर आणून ठेवली आणि मागे सरून उभा राहिला. बाकीच्यांनाही त्याने हाताने गप्प केलं. कड्यावर शान होता आणि कुणीच तिकडे बघत नव्हतं.

आजांग दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. मध्येच म्हणायचा, "डावीकडे निसरडं आहे, डावीकडे," जणू त्यांना ऐकू जात होतं. एकदा त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. मग सोडून म्हणाला, "सावरली. गेले वर." तिथून धूर निघेपर्यंत तो हलला नाही.

दुपारी चौघे परत आले. रीतीप्रमाणे वेशीवर शुक्पाचा धूर केला होता आणि खांदेकऱ्यांच्या हातांवर घरच्या माणसाने पाणी घालायचं होतं. आजांग गरम पाण्याची किटली घेऊन उभा राहिला. पहिल्यांदा दोघे भाऊ, मग गुरमेत. शेवटी डम्बर. टोपी घालायचं विसरला होता, डोकं थंडीने लाल झालं होतं.

आजांग त्याच्या हातांवर पाणी घालत म्हणाला, "वरच्या वळणावर तू डोली हलवलीस."

डम्बर घाबरला. "पाय घसरला, आजांग. तुम्हाला कसं कळलं?"

"पाहिलं मी. माझ्या वेळी त्या वळणावर सावकाश घे. मी आईपेक्षा जड आहे."

मग आजांग पुढे म्हणाला, "आणि तू आधी गेलास तर आम्ही आहोत. फक्त जेवण जरा कमी कर, आचारी लोक फार वजनदार असतात."

गुरमेत हसला, भाऊ हसले. डम्बर हसला नाही. तिथेच वेशीवर, ओल्या हातांनी तोंड झाकून तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला. आजांगने त्याला थांबवलं नाही. किटली संपेपर्यंत तो त्याच्या हातांवर पाणी घालत राहिला.